कोंडाबाई भ्रतार येसाजी

एकशे बाराव्या नावापाशी रत्नाबाईचा टाक थांबला. निबेच्या टोकाला शाईचा थेंब जमला, जरा वेळ लोंबला आणि कागदावर पडला. समोरच्या छापील मतदारयादीत बारीक अक्षरांत एक ओळ होती : कोंडाबाई भ्रतार येसाजी वाळंज, मौजे जांभळवाडी, पेटा मुळशी. शाळा सुटून तास झाला होता. वर्गातली खडूची धूळ अजून उन्हाच्या पट्ट्यात तरंगत होती, खाली बोळात कल्हईवाला ओरडत होता, आणि म्युनिसिपालिटीच्या मुलींच्या शाळेतली चौतीस वर्षांची मास्तरीण त्या थेंबावर टिपकागद दाबून बसली होती. थेंब केव्हाच टिपला गेला होता. हात उचलवत नव्हता. काकी जिवंत आहे हे तिला माहीत नव्हतं असं नाही. येसाजीकाका मानमोडीच्या साथीत गेला तेव्हा तिनं एक पत्रही लिहिलं होतं, आणि ते वाचून दाखवायला त्या घरात कुणी नाही हे पत्र पेटीत टाकल्यावर तिच्या ध्यानात आलं होतं. पण काकीला असं आखीव नाव असेल, त्या नावापुढं आकडा असेल आणि तो आकडा सरकारी छापखान्यात कुणी खिळे जुळवून बसवला असेल, हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं. आईविना पोरीला पोटाशी घेऊन सात वर्षांची करणारी बाई तिच्या लेखी नुसती काकी होती. काकीचा वास होता, आवाज होता, तळहाताला भाताच्या काडीनं पडलेल्या चिरा होत्या. नाव नव्हतं.

कौन्सिलच्या निवडणुकीला महिना राहिला होता. पुण्यातल्या शिकल्यासवरल्या बायकांच्या एका मंडळानं ठरवलं होतं की जिल्ह्यात ज्या मूठभर बायकांना मताचा हक्क आहे त्यांतली एकही त्या दिवशी घरी बसता कामा नये. खेड्यांतून प्रचार कसा करायचा याची योजना आखायचं काम मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी रत्नाबाईवर सोपवलं होतं. “तुम्हाला त्यांची भाषा येते,” असं त्या सगळ्यांसमोर मोठ्या कौतुकानं म्हणाल्या, आणि रत्नाबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. त्या भाषेवर मात करायला तिला किती वर्षं लागली होती हे अध्यक्षीणबाईंना कुठून माहीत असणार? सातव्या वर्षी बापानं, खडकीच्या कारखान्यात लागलेल्या कोंडिबानं, तिला पुण्याला आणलं. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी पांढरं कपाळ. मग भाऊबंदांशी भांडून बापानंच तिला मुलींच्या वसतिगृहात घातलं. तिथं पहिल्या दिवशी तिनं ‘हाय’ म्हटलं आणि चाळीस मुली हसल्या. महिन्याभरात ती ‘आहे’ म्हणू लागली, वर्षाभरात ‘आहे’ला तिच्याइतकी ठाशीव धार दुसरी कुणी देत नसे.

आणि मग काकी आली होती. दोन दिवस चालून, पाठीवर आंबेमोहराचं गाठोडं घेऊन वसतिगृहाच्या दारात उभी राहिली. “रत्ने, कशी हायेस गं?” रत्नाबाई तेव्हा सोळा वर्षांची. मैत्रिणी जिन्यात उभ्या होत्या. ती काकीला मिठी मारायला धावली, ते खरंच होतं, तेवढं तरी ती अजून स्वतःला सांगू शकत होती. पण मिठीतच, काकीच्या कानाशी, ती हलक्या आवाजात म्हणाली, “काकी, ‘हायेस’ नाही. ‘आहेस’ म्हणावं.” काकी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. त्यानंतरचे दोन तास काकी प्रत्येक वाक्याआधी थांबत होती. “काका बरा… आहे. म्हस व्याली… आहे.” ओठ जुळवून, डोळे बारीक करून, शाळेतल्या नव्या मुलीसारखी. शेवटी ती बोलायचीच थांबली, आणि रत्नाबाईच्या केसांतून हात फिरवत बसली. त्यानंतर ती पुण्याला आली नाही. भात मात्र दर वर्षी कुणा ना कुणाच्या हाती येत राहिलं. रत्नाबाई त्याचा पहिला भात शिजला की खिडकी उघडायची. वास सहन होत नसे.

योजना तिनं चांगली आखली. मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवली तेव्हा टाळ्या पडल्या. हस्तपत्रकं गुलाबी कागदावर, कारण गुलाबी रंग शुभ दिसतो. एक मोठं चित्र : नऊवारीतली बाई, पेटी, पेटीवर पडणारं सूर्याचं ऊन. गावोगाव हळदीकुंकू आणि त्यात दहा मिनिटांचं भाषण. ‘भगिनींनो, मत हा आपला अमोल हक्क आहे. जागृत व्हा!’ तिनं ते वाक्य सात वेळा लिहून खोडून पक्कं केलं होतं. हळदीकुंकवाचा मुद्दा लिहिताना क्षणभर तिच्या मनात आलं की आपल्याला तिथं कुणी कुंकू लावणार नाही. आणि यादीतल्या बहुतेक बायकाही आपल्यासारख्याच असणार, कारण मताला जमीन लागते, आणि नवरा गेल्याशिवाय बाईच्या नावावर जमीन चढते कुठं? हे तिनं बैठकीत सांगितलं नाही. हळदीकुंकू खोडलं आणि ‘महिला मेळावा’ लिहिलं. मुळशीकडच्या नावांसाठी कुणी जायचं असा प्रश्न निघाला. तिनं हात वर केला तेव्हा तो दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा तिला दिसला.

पौडापर्यंत मोटार होती. भूगाव, भुकूम मागं पडलं, कासार आंबोलीचा फाटा गेला. पौडाहून पुढं काकीच्या शेजारचा नाथा वाळंज त्याची बैलगाडी घेऊन उभा होता. निरोप मिळाल्याचं त्यानं मानेनंच सांगितलं. वाटेत तो एकदाच बोलला. दरीच्या तोंडाशी नव्या बांधाची काळी भिंत दिसली तेव्हा त्यानं चाबकानं तिकडं दाखवलं. “ह्ये बगा. फुडच्या पावसात हितं समदं पानी. आवंदाचं पीक काडून घ्या म्हनून सांगून गेल्यात.” रत्नाबाईनं धरणाविरुद्धच्या सत्याग्रहाबद्दल वर्तमानपत्रात वाचलं होतं, एका सभेला ती मागच्या रांगेत बसलीही होती. पण ती भिंत बघेपर्यंत तिला वाटत होतं की धरण ही एक बातमी आहे. नदीकाठच्या भाताच्या खाचरांवर पिवळं ऊन होतं. खाचरं अशी शांत पसरली होती की आपल्याला कुणी नोटीस दिली आहे हे त्यांना कळलेलं दिसत नव्हतं.

काकी खळ्यावर होती. भात झोडणी चालली होती. पेंढी डोक्यावरून फिरवून दगडावर आपटायची, दाणे उडायचे, पुन्हा पेंढी. बायका आठ-दहा होत्या, पण एका हालचालीवरून रत्नाबाईला ती ओळखू आली : पेंढी खाली आणताना डावा खांदा किंचित पुढं. काकी वाळली होती. उंची होती तेवढीच, पण अंगावरचं काहीतरी वजा झालं होतं. तिनं पेंढी ठेवली, हात लुगड्याला पुसले, आणि समोर येऊन उभी राहिली. रत्नाबाईला वाटलं, आता ही ‘आहेस’ म्हणेल. ते ऐकायला लागू नये म्हणून तीच घाईनं बोलली, आणि तोंडातून निघालं ते असं : “काकी, कशी हायेस गं?” बावीस तेवीस वर्षं अंगात दडून बसलेला तो शब्द कुठून आला तिला कळलं नाही. काकीनं तिच्या हनुवटीला हात लावला. “वाळलीयास लई. शाळंत खायाला देत न्हाईत का?” आणि मागं वळून मोठ्यानं, “ही माजी रत्नी. मी वाडविलेली.”

दुसऱ्या दिवशी दुपारी, झोडणी थांबून बायका सावलीत बसल्या तेव्हा तिनं चित्र झाडाला टांगलं आणि भाषण केलं. भाषण सुरेख झालं. ‘अमोल हक्क’ म्हणताना आवाज जिथं चढायला हवा तिथं चढला. बायकांनी शांतपणे ऐकलं. एकीनं चित्रातल्या बाईच्या लुगड्याच्या काठाची चौकशी केली. मग राजाबाई बोलली. राजाबाई पलीकडच्या वाडीची, काकीच्याच वयाची, तीही नवऱ्यामागं जमीन सांभाळणारी. यादीत तिचंही नाव होतं. तंबाखू मळता मळता ती म्हणाली, “मत म्हंजी इचारच न्हवं? मनात काय हाय त्ये?”

“हो. तुमचा विचार. सरकार तो विचारतंय.”

“कदी इचारतंय?”

“या महिन्याच्या अखेरीला. पौडाला.”

“आन् धरन बांदायच्या येळंला?” राजाबाईनं तंबाखू दाढेखाली ठेवली. “तवा न्हाई कुनी इचारलं. तवा माजं मत लई व्हतं. आता समदं झाल्यावं इचारत्यात, तर ह्यो कसला हक्क म्हनायचा, बाई?”

रत्नाबाईनं उत्तर शोधलं. तिच्याजवळ उत्तरं होती : कायदेमंडळ, प्रतिनिधी, पुढच्या पिढ्या. ती सगळी उत्तरं वहीत लिहिलेली होती आणि गुलाबी कागदावर छापलेलीही होती. पण समोर झोडलेल्या भाताचा पिवळा ढीग होता, आणि त्याच जमिनीतलं पुढचं पीक कुणी काढणार नव्हतं. “मला माहीत नाही,” ती म्हणाली. शाळेत ती हे वाक्य कधी म्हणत नसे. एवढ्यात काकीनं विचारलं, साधंच, पाणी हवं का विचारावं तसं : “तुजं नाव कुटं हाय गं यादीत? वाच की.”

हा प्रश्न मंडळात कुणीच विचारला नव्हता. अध्यक्षीणबाईंचा स्वतःचा बंगला होता, चिटणीसबाईंच्या नावावर आंब्याची बाग होती. रत्नाबाई एका खोलीत भाड्यानं राहत होती. तिच्याजवळ जमीन नव्हती, घर नव्हतं, वारसाही नव्हता. एकशे सत्तर बायकांची नावं तिनं स्वतःच्या अक्षरात उतरून काढली होती आणि त्यांत आपलं नाव नसणार हे तिला पहिल्या ओळीपासून ठाऊक होतं. पण ठाऊक असलेलं ती स्वतःपासूनही जरा बाजूला ठेवून वागत होती, जसं लग्नाघरी विधवेनं आपल्याआपण मागच्या दारानं जावं. “माझं नाव नाही, काकी. माझ्या नावावर काही नाही म्हणून.” बायकांमध्ये चुळबुळ झाली. राजाबाईनं पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघितलं. “म्हंजी,” ती म्हणाली, “तुला मत न्हाई, आन् तू आमास्नी द्या म्हनून सांगाय इतक्या लांब आलीस?” रत्नाबाईनं मान डोलावली. तिला वाटलं आता सगळ्या हसतील, वसतिगृहातल्या त्या चाळीस मुलींसारख्या. राजाबाई उठली, तिच्याजवळ येऊन बसली, आणि आपल्या फडक्यातली अर्धी भाकरी तिच्या हातावर ठेवली. “खा. मग वाच ती यादी. कुनाकुनाची नावं हायेत ती ऐकू दे तरी.”

तिथून पुढं जे घडलं ते योजनेत नव्हतं. रत्नाबाईनं यादी वाचली. भाषणाच्या आवाजात नाही, शाळेत हजेरी घेतात तशी. छापील यादीत पुरुषांची नावंही होती, ती आधी आली. एखादं नाव घेतलं की कुणीतरी म्हणायचं, “त्यो मुंबईला ग्येला.” “त्यो हाय, तितं बैल धुतुया.” आणि मधेच एखाद्या नावाला कुणीच काही बोलायचं नाही. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा तिला कळलं नाही. मग एका म्हातारीनं पदर तोंडाला लावला आणि तिला उमगलं की यादी जुनी आहे, गेलेली माणसं अजून तिच्यात मतदार आहेत. ती थांबली. “वाच,” म्हातारी म्हणाली. “किती दिसांनी कुनी हाक मारली त्येला.” मग राजाबाईचं नाव आलं. राजाबाईला जगात कुणी राजाबाई म्हणत नसे. ती महादूची आई होती, वरल्या वाडीची म्हातारी होती. पूर्ण नाव ऐकून ती एकदम “व्हय” म्हणाली, आणि स्वतःच लाजली. कोंडाबाई हे नाव आलं तेव्हा काकी फक्त उभी राहिली.

पुढचे चार दिवस रत्नाबाईनं तेवढंच केलं. गुलाबी पत्रकं गाडीतच राहिली. पुण्याला लिहिलेल्या कार्डावर तिनं ‘योजनेत थोडा बदल केला आहे’ एवढंच कळवलं. सकाळी काकीबरोबर खळ्यावर झोडायचं, हाताला फोड येईपर्यंत. दुपारनंतर एका वाडीत जायचं, देवळापुढं किंवा खळ्यावर उभं राहून नावं वाचायची. लोक जमत. आपलं नाव ऐकायला माणूस केवढा वाकून उभा राहतो हे ती बघत होती. ज्यांची नावं नव्हती तेही येत, आणि आमचं का नाही म्हणून भांडत, एका वाडीत तर कातकऱ्याचा बारकू, ज्याच्या नावावर साऱ्या जन्मात वीतभर जमीन चढली नव्हती, दोन तास बसून राहिला आणि शेवटी म्हणाला, “माजं आसंच वाच की एकदा. कागदात नसलं तरी.” तिनं वाचलं. “बारकू, राहणार जांभळवाडी.” तो खूश होऊन निघून गेला. ती मात्र बराच वेळ कागदाकडं बघत राहिली. कागदात नसलेलं नाव मोठ्यानं म्हणता येतं, इतकी साधी गोष्ट. संध्याकाळी परतताना काकी पुढं चालायची आणि ती मागं, लहानपणी चालायची तशी, काकीच्या टाचांकडं बघत. टाचा फुटलेल्या होत्या. तिला त्या टाचांवर तेल चोळावंसं वाटे. चौथ्या दिवशी तिनं चोळलं. काकी आधी पाय ओढून घेत होती, मग डोळे मिटून बसली. “पाणी आल्यावर कुठं जाशील?” रत्नाबाईनं विचारलं. “भुकूमला दीर हाय चुलत. बगू.” आणि जरा वेळानं, “तुजं मत आसतं तर कुनाला दिलं आसतंस?” रत्नाबाई हसली. निवडणुकीला दोघं उभे होते, एक वकील आणि एक मोठे जमीनदार. मंडळाचा नियम होता की प्रचार मतदानाचा करायचा, माणसाचा नाही. “ते मी तुला नाही सांगायची, काकी. मग तू माझंच ऐकशील.” काकीचे डोळे मिटलेलेच होते.

मतदानाच्या दिवशी दोघी म्हाताऱ्या आणि रत्नाबाई नाथाच्या गाडीतून उजाडता निघाल्या. मागून पुरुष चालत होते, वीसेक तरी. काकीनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. पौडाच्या कचेरीसमोर मांडव घातला होता, मांडवात टेबल, टेबलामागं एक तरुण अधिकारी. दोन्ही उमेदवारांची माणसं बाजूला बसली होती. राजाबाईचा नंबर आधी लागला. नवऱ्याचं नाव विचारल्यावर तिनं खणखणीत आवाजात सांगितलं, “तुमच्या कागदात हाय की! वाचा आन् मी व्हय म्हनते.” अधिकाऱ्यानं वाचलं, ती हो म्हणाली, सगळे हसले, काम झालं. पण वकिलाच्या माणसाला ते पटलं नाही. काकी पुढं झाली तेव्हा तो उठून उभा राहिला. “साहेब, हे असं चालणार नाही. ओळख मतदारानं स्वतःच्या तोंडानं पटवली पाहिजे. कुणीही येऊन हो म्हणेल.” अधिकारी गोंधळला. नियम त्या माणसाच्या बाजूचा होता. अधिकाऱ्यानं काकीकडं बघून मऊ आवाजात विचारलं, “आजी, नाव?”

“कोंडाबाई.”

“नवऱ्याचं नाव?”

काकी गप्प. हे आपल्याला सुचायला हवं होतं. योजनेत पेटीचं चित्र होतं, सूर्य होता, आणि ही एवढी गोष्ट नव्हती, की मावळातल्या कुठल्याच बाईनं नवऱ्याचं नाव चारचौघांत घेतलेलं नसतं. “वाळंजांच्या घरातलं,” काकी म्हणाली. “वरल्या अंगाच्या वावराचं धनी. ह्या पोरीचं चुलतं.” बाजूची माणसं हसू लागली. अधिकारी म्हणाला, “आजी, नुसतं नाव सांगा.” रत्नाबाईनं तोंड उघडलं; अधिकाऱ्यानं हात वर करून तिला थांबवलं. आणि त्या क्षणी तिच्या लक्षात आलं की तिनंही आपल्या नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. शाळेच्या अर्जावर, पगाराच्या कागदावर, ट्रेनिंग कॉलेजच्या दाखल्यावर तिनं ते शेकडो वेळा लिहिलं होतं, वळणदार, न थरथरता. जिभेवर कधी आलं नव्हतं. त्या मुलाचा चेहरा तिला आठवत नव्हता. लग्नात त्याच्या नाकाला सर्दी होती तेवढं आठवत होतं. तिनं मनातल्या मनात ते नाव म्हणून बघितलं आणि जीभ टाळूला चिकटली. मग आपण काकीकडून काय मागतो आहोत? आणि कुणासाठी? पुढच्या पावसाळ्यात वावर पाण्याखाली जाणार, वावरासकट यादीतलं नाव जाणार. एकदाच, एका दुपारपुरतं या बाईनं मतदार व्हावं, आणि त्यासाठी उभा जन्म राखलेली गोष्ट परक्या माणसांपुढं ठेवावी? “काकी,” ती म्हणाली, “राहू दे. चल आपण घरी जाऊ.”

काकीनं तिच्याकडं बघितलंही नाही. डोक्यावरचा पदर सारखा केला. टेबलाकडं पाठ वळवून ती मांडवाच्या तोंडाशी गेली, जिथून नदीचं वळण आणि पलीकडची डोंगराची रांग दिसत होती, आणि तिकडं तोंड करून, दूर वावरात वाकलेल्या माणसाला भाकरी आणली म्हणून हाक मारतात तशी, गळ्याच्या शिरा ताणून ती ओरडली, “येसाजी!” मग जरा थांबली. खरंच थांबली, उत्तराला लागतो तेवढा वेळ. वकिलाचा माणूस खाली बसला. काकी परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर रत्नाबाईनं पूर्वी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. सुरुवातीला ते दुःख वाटलं. नीट बघितल्यावर ते लाजणं होतं, नव्या नवरीचं. अधिकाऱ्यानं खाली मान घालून नावापुढं खूण केली. लिहिता न येणाऱ्यानं पडद्याआड जाऊन अधिकाऱ्याला तोंडी सांगायचं अशी रीत होती. तो स्वतः उठून तिला आत घेऊन गेला. बाहेर आल्यावर त्यानं तिला बजावलेलं रत्नाबाईला ऐकू आलं. “हे गुपित असतं बरं का, आजी. बाहेर कुणाला सांगायचं नाही.”

निवडणुकीचा निकाल लागला. रत्नाबाईच्या मनात जो होता तो पडला. मंडळाच्या अहवालात मुळशी पेट्यात यादीतल्या हयात स्त्रियांपैकी एकही घरी राहिली नाही असं छापून आलं, आणि योजनेचं कौतुक झालं. पुढच्या आषाढात दरीत पाणी चढलं. काकी भुकूमला गेली, तिथून दोन वर्षांनी, पुष्कळ भांडणानंतर, पुण्याला रत्नाबाईच्या एका खोलीत आली आणि तिथल्या शेजारणींशी ‘हाय’ आणि ‘न्हाई’ करत नांदली. पुढच्या निवडणुकीच्या यादीत तिचं नाव नव्हतं. रत्नाबाईनं ते शोधलं होतं, नसणार हे ठाऊक असून. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी पौडाच्या नदीकाठी तिघी भाकरी खायला बसल्या होत्या. पाणी पायांना थंड लागत होतं. नाथा बैलांना पाणी दाखवत होता. रत्नाबाईनं लसणाची चटणी काकीच्या भाकरीवर ठेवली, आणि तिला राहवलं नाही. “काकी, कुणाला दिलंस गं?”

काकी चावत राहिली. राजाबाई पलीकडून म्हणाली, “मी सांगते माजं, मी त्या…” आणि काकीनं पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. मग ती रत्नाबाईकडं वळली. तिचे डोळे चमकत होते.

“तू मला न्हाई सांगितलंस त्ये? इचारलं तवा?”

“अगं, ते वेगळं होतं.”

“येगळं कसलं? माजं माज्यापाशी ऱ्हाऊ दे की.”

“काकी, मला सांगायला काय हरकत आहे? मी तुझीच ना?”

“माजीच हायेस,” काकी म्हणाली, आणि उरलेली चटणी बोटानं पुसून तिच्या भाकरीवर घातली. “म्हनून तर न्हाई सांगत. खा गुमान.”

ती हसत होती, तोंडावर पदर धरून, खांदे हलवून, पोरीसारखी. रत्नाबाईनं त्या दिवशी विचारलं, गाडीत विचारलं, पुढं पुण्याच्या खोलीत कितीतरी वेळा, कधी लाडानं, कधी चिडून विचारलं. काकीनं शेवटपर्यंत सांगितलं नाही.